बारा हातांची गाडी

कोरी सरांना मातीत ठेवून सहा आठवडे झाले होते, आणि त्यांची मोटारसायकल अजून गल्लीतल्या सगळ्यांना ओळखत होती.

त्यांच्या मुलीच्या, सुमेधाच्या, हे लक्षात आलं ते सकाळी चहा घेताना. समोरच्या सलमाभाभी फाटक ढकलून आत आल्या, स्वयंपाकघराच्या खिडकीकडे बघत "नेते वं वहिनी, स्टँडवर केळी येऊन पडल्यात," म्हणाल्या, पदर खोचून गाडीवर बसल्या आणि गेल्या. गाडी विजेवरची, इंजिनाचा आवाज नाहीच. फक्त मागचं सैल मडगार्ड खडखडत गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू आलं. पाऊण तासानं तीच खडखड परत आली. भाभींनी गाडी होती तिथं लावली, सीटवर दोन केळी ठेवली आणि दुकान उघडायला गेल्या.

सुमेधाचा चहा निवून गेला. ती गाडी सलमाभाभींना घेऊन तीनशे मीटरच्या पुढे जायलाच नको होती. तशी व्यवस्था सुमेधानं स्वतःच केली होती.

पुण्यातल्या ज्या कंपनीत ती नोकरीला होती, तिथंच तोलकुलूप तयार झालं होतं. त्यामागची कल्पना साधी होती. दोन चाकांवर बसलेल्या माणसाला वाटतं की आपण सरळ चाललो आहोत. खरं तर तो सतत पडत असतो आणि सतत सावरत असतो. मिनिटाला शेकडो वेळा हात हँडल केसभर इकडून तिकडे करतात, कंबर किंचित कलते, पाय भार बदलतात. शिवाय प्रत्येक निरोगी हाताला एक बारीक कंप असतो, सेकंदाला आठ ते बारा वेळा, डोळ्यांना न दिसणारा. या सगळ्याची मिळून जी नक्षी तयार होते ती माणसागणिक वेगळी असते. सीटखालची पेटी ती नक्षी वाचायची. मालक असेल तर गाडी चालत राहायची. परका असेल तर तीनशे मीटरच्या आत हळूहळू वेग सोडायची आणि रस्त्याच्या कडेला शांतपणे उभी राहायची. ना किल्ली, ना साखळी, ना भोंगा. लांबच्या प्रवासाला निघणारे लोक आता ढाब्यापुढे, घाटात, कुठंही गाडी सोडून बिनधास्त जात.

माणूस रोज सारखाच गाडी चालवत नाही. तो कधी थकलेला असतो, कधी मागे सिलिंडर बांधलेला असतो, कधी पावसात सावध असतो. म्हणून एकाच मालकाचे बारा ठसे पेटीत मावायचे. पहिल्या एकवीस दिवसांत पेटी ते गोळा करायची. त्यानंतर नवा ठसा नाही. माणूस म्हातारा होतो तसे जुने ठसे मात्र हळूहळू त्याच्यासोबत बदलत जायचे. हे सगळं समजावणारी पुस्तिका सुमेधानंच लिहिली होती, आणि तिच्या तिसऱ्या पानावर जाड अक्षरांत होतं : पहिले एकवीस दिवस गाडी दुसऱ्या कोणालाही देऊ नये.

ती आत गेली. आव्वा, म्हणजे तिची आई, ओट्यापाशी बसून शेंगा फोडत होती.

"आव्वा, अप्पांनी पहिल्या एकवीस दिवसांत गाडी कुणाला दिली होती का?"

आव्वानं जरा विचार केला. "कुणाला दिली नव्हती, ते विचार. गल्लीत नवी गाडी आली, आणि लोकांना न्हाई म्हणायचं? तुझ्या बापाला जमलं असतं होय ते?"

म्हणजे पेटीनं गल्लीभरच्या लोकांचे ठसे घेतले होते आणि ते एकाच मालकाचे मानले होते. पेटीच्या लेखी सलमाभाभी, पाववाला फ्रान्सिस, टेलर इराण्णा ही वेगवेगळी माणसं नव्हतीच. तो एकच मालक होता, बारा तऱ्हांचा.

*

कोरी सरांनी चौतीस वर्षं भूगोल शिकवला. फळ्यावर नदी काढताना खडू उगमापासून निघायचा आणि मुखापाशी मोडायचा. स्वतः मात्र ते उलटे प्रवास करत. दर दिवाळीच्या सुट्टीत मोटारसायकल काढायची, एका नदीच्या उगमाशी जायचं, पाण्यात तापमापी धरायची आणि आकडा वहीत लिहायचा. तीर्थ म्हणून बाटलीत पाणी आणलं नाही का, असं कुणी विचारलं तर म्हणायचे, तिथं मुळात पाणी बोटभर असतंय, त्यातलंही मी आणू? वहीत सदतीस नद्या झाल्या होत्या. अडतिसाव्या ओळीवर फक्त नाव होतं : तापी, मुलताई. पुढचा रकाना कोरा.

सहा वर्षांपूर्वी अशाच एका उगमाशी ते डोंगर चढून गेले आणि खाली आले तर गाडी नव्हती. रात्र एका शाळेच्या व्हरांड्यात काढून ते एसटीनं घरी आले. फोनवर ते हसत सांगत होते, पण सुमेधाला त्या हसण्यातला थकवा ऐकू आला. महिन्याभरात तिनं नवी गाडी घेतली आणि तोलकुलूप बसवून पाठवली. आता कुठंही लावा आणि खुशाल जा, असं चिठ्ठीत लिहिलं.

आता तिनं ठरवलं होतं की ती अडतिसावी ओळ आपण भरायची. याच गाडीवरून. नऊशे किलोमीटर, तीन दिवस, वाटेत दोन मुक्काम. गाडी वाटेत कुणी नेली तर अप्पांचं हाताला लागणारं शेवटचं काही उरणार नव्हतं. आणि तिच्या मनात आणखी एक गोष्ट होती जी तिनं आव्वालाही सांगितली नव्हती. अप्पांचा आवाज फोनमध्ये होता, फोटो होते. पण त्यांचे हात कसे हलायचे, तोल कसा सावरायचे, हे जगात एकाच ठिकाणी जपलेलं होतं. तो ठसा ओळखायचा, कायमचा राखायचा, बाकीचे अकरा पुसायचे आणि त्या जागी आपला घालायचा. मग गाडी दोघांचीच. पेटी उघडायचा कंपनीचा संकेतांक तिच्याकडे होता.

अडचण एकच. ठशांना नंबर होते, नावं नव्हती.

*

रविवारी सकाळी तिनं गल्लीला बोलावलं. काम सोपं होतं : प्रत्येकानं चौकापर्यंत जाऊन परत यायचं. पेटी कोणता ठसा जुळला ते दाखवणार, आणि सुमेधा त्या नंबरापुढे नाव लिहिणार. सगळे ओळखले गेले की जो उरेल तो अप्पांचा.

लोक आंघोळी करून, ठेवणीतले कपडे घालून आले. इराण्णा टेलर सगळ्यांत पुढे. तो नववीत दोनदा नापास झाला होता. आता तरी पास कर, असं त्यानं सुमेधाला बजावलं. गाडीवर तो पाठ इतकी ताठ ठेवून बसायचा की जणू स्वतःचंच माप देतोय. ठसा नऊ. फ्रान्सिस बारदेस्कर एकदा तसाच गेला, आणि पडद्यावर सात आला. मग म्हणाला, ताई, आमचं खरं चालवणं पाव बांधल्यावर बघायचं. त्यानं पावाचे ट्रे मागे बांधून दुसरी फेरी मारली तर दोन आला. सलमाभाभींचा चार. त्या वळणावर ब्रेक लावतच नाहीत हे पडद्यावर स्पष्ट दिसत होतं, आणि सुमेधानं ते सांगितल्यावर भाभी म्हणाल्या, "सरबी हेच म्हनायचे. मागं बसून डोळे मिटायचे अन् म्हनायचे, सलमा, वळण संपलं की सांग."

सगळे हसले. सुमेधाही हसली आणि तिनं चारपुढे नाव लिहिलं. अप्पा भाभींच्या मागे कशाला बसत असतील, हा प्रश्न तिच्या मनात आला. पण तेवढ्यात पुढचा माणूस गाडीवर बसला आणि प्रश्न मागे पडला.

अकरा वाजेपर्यंत सगळी ओळखपाळख झाली. उरला ठसा क्रमांक एक. अर्थातच. नवी गाडी दारात आल्यावर पहिली फेरी मालकानंच मारली असणार. सुमेधानं एकच्या पुढे 'अप्पा' लिहिलं आणि थोडा वेळ तो शब्द बघत राहिली. मग तिनं सगळ्यांना सांगितलं की आता बाकीचे ठसे पुसले जातील, गाडी तिच्यासोबत जाईल. काम झालं होतं, सांगायलाच हवं होतं.

फ्रान्सिसनं ट्रे उतरवून घेतले. इराण्णा म्हणाला, बरोबर आहे, तुझीच आहे गाडी. सलमाभाभी काही तरी बोलणार होत्या. त्यांनी आव्वाकडे पाहिलं, आणि दुकानाकडे वळल्या.

*

दुपारी तिनं क्रमांक एक उघडला. पुसण्याआधी त्याची एक प्रत काढून ठेवावी, एवढाच हेतू होता. ठशाबरोबर त्याचा इतिहासही असतो : कधी वापरला, किती अंतर, किती वजन.

शेवटची नोंद तीन आठवड्यांपूर्वीची होती. अप्पा जाऊन सहा आठवडे झाले होते.

नोंदीत लिहिलं होतं : ठसा एकशी जवळचा. मागे भार नाही. परका. दोनशे ऐंशी मीटरवर गाडी थांबवली.

तिनं मागच्या नोंदी काढल्या. वर्षभरात प्रत्येक वेळी मागे भार होता, एकसष्ट किलो, डावीकडे किंचित कललेला. आणि सीटमागच्या धरायच्या दांडीतून एक कंप येत होता. सेकंदाला पाच वेळा. निरोगी हाताचा कंप असा नसतो. तो असा कंपवात झालेल्याचा असतो हे सुमेधाला माहीत होतं. पुस्तिका लिहिण्याआधी तिनं त्यावर चार महिने वाचन केलं होतं.

ती आणखी मागे गेली. दीड वर्षापूर्वी, एकाच दिवशी, सकाळी नऊला ठसा एक जुळला होता आणि दुपारी दीडला तोच माणूस परका ठरला होता. आजऱ्याच्या रस्त्यावर, जंगलात.

आव्वा अंगणात पापड वाळत घालत होती. सुमेधा लॅपटॉप घेऊन तिच्याजवळ जाऊन बसली.

"अप्पांचे हात कापत होते."

"हं."

"मला का नाही सांगितलं?"

आव्वानं हातातला पापड नीट पसरला. "गोळी घेतली की चार तास हात थांबायचे. तू दिवाळीला आलीस की आम्ही गोळीची वेळ सांभाळायचो. त्या दिवशी आजऱ्याहून येताना उशीर झाला, गोळीचा अंमल उतरला, आणि गाडीनं त्यांना वळखलंच न्हाई. दोन तास बसले झाडाखाली. फ्रान्सिस जाऊन घेऊन आला. घरी आल्यावर म्हणाले, पोरीनं कुलूप चांगलं केलंय गं. चोराला बरोबर थांबवतंय."

अचानक झालेला बदल म्हणजे चोरी, हळूहळू झालेला बदल म्हणजे वय. हा नियम तिनंच सुचवला होता. गोळी घेतलेला माणूस आणि गोळी उतरलेला माणूस एकच असतो, हे त्या नियमात कुठं बसत नव्हतं.

"तुला कळलं असतं तर तू जिवाला लावून घेतलं असतंस," आव्वा म्हणाली. "म्हणून सगळ्यांना शपथ घातली. मग काय, गल्लीचा नेम बसला. ज्याला गाडी पाहिजे त्यानं न्यायची, आणि जाताना सरांना मागं बसवून न्यायचं. कुणी दवाखान्यात, कुणी नदीवर, कुणी उगंच."

"आणि हा ठसा एक? हा अप्पांचा नाही. हा कुणाचा आहे?"

आव्वानं पदरानं हात पुसले. "माझा," ती म्हणाली.

सुमेधाला आधी ते नीट कळलंच नाही. आव्वा त्रेसष्ट वर्षांची होती. तिनं आयुष्यात सायकलसुद्धा चालवली नव्हती.

आव्वा आत गेली आणि एक पुस्तिका घेऊन आली. सुमेधानंच लिहिलेली. सगळी पानं वाचलेली, कोपरे दुमडलेले, आणि अकराव्या पानावर पेन्सिलीनं दोनदा अधोरेखित केलेलं एक वाक्य : हळूहळू झालेला बदल कुलूप मालकाचाच मानते.

"मला म्हणाले, हे वाचलंस का? वाट हितनं आहे," आव्वा सांगू लागली. पहाटे कॉलेजच्या मैदानावर दोघं जायची. पहिल्यांदा ती नुसती पुढे बसायची. मागून त्यांचे हात हँडलवर, तिचे हात त्यांच्या हातांवर. गोळी घेऊनच निघायचे. काही दिवसांनी तिचे हात खाली आणि त्यांचे वर. मग त्यांनी एक हात काढला. मग बोटं नुसती टेकलेली. अडीच महिने लागले. ते मास्तर होते, घाई करत नसत. शेवटी दोन्ही हात मागच्या दांडीवर गेले आणि गाडीला कळलंही नाही.

सुमेधानं त्या अडीच महिन्यांच्या नोंदी पडद्यावर एकापुढे एक लावल्या. डाव्या टोकाला अप्पांची नक्षी होती, उजव्या टोकाला आव्वाची. मधल्या कुठल्याही दिवशी बोट ठेवून हा त्यांचा आणि हा तिचा असं सांगता येत नव्हतं. असले आलेख तिनं हजारो पाहिले होते. असा एकही नव्हता.

"आणि तीन आठवड्यांपूर्वी?"

"एकटी काढून बघितली," आव्वा म्हणाली. "देवळापर्यंत गेली. मग थांबली. मागं कुणी नव्हतं ना. ढकलत आणली."

*

संध्याकाळभर सुमेधा पेटीसमोर बसून राहिली. एकही ठसा पुसायचा नाही हे तिनं केव्हाच ठरवलं होतं. पण तिचा ठसा घालायचा तर बारातला एक जाणार. आव्वाला एकटीनं चालवता यावं म्हणून ठसा एक दुरुस्त करावा, तर मागून येणारा तो कंप पुसला जाणार. आणि काहीच केलं नाही तर मुलताई राहून जाणार.

"अप्पा उगमाशी जायचे तेव्हा गाडी कुठं लावायचे?" तिनं जेवताना विचारलं. "कुलूप येण्याआधी?"

"लावायचे कुठं? द्यायचे," आव्वा म्हणाली. "पायथ्याला जे कुणी बसलं असेल, त्याच्याकडं. मी वर जाऊन येतो, तोवर लागली तर फिरवा म्हणायचे. म्हणायचे, राखायला दिली तर माणूस कंटाळून निघून जाईल, वापरायला दिली तर परत आणून देईल. एकदाच पायथ्याला कुणी नव्हतं, आणि तेव्हाच गाडी गेली. मग तुझं कुलूप आलं. आता कुणाला दिली की तीनशे मीटरवर त्या बिचाऱ्याची फजिती. पुढच्या उगमांना ते फार खूश नसायचे बघ."

दुसऱ्या दिवशी सकाळी सुमेधानं सीट उचलली, संकेतांक घातला आणि पेटी बाहेर काढली. तळहातात मावेल एवढी होती. तारा जोडून तिनं गाडी साधी केली : बटण दाबलं की कुणाचीही. पेटी तिनं एकही ठसा न पुसता अप्पांच्या कपाटात ठेवली, जिथं तापमापीचा डबा होता त्या जागी. तापमापीचा डबा पिशवीत घेतला.

गल्ली निरोपाला आली. फ्रान्सिसनं पाव बांधून दिले. इराण्णानं विचारलं, पेटी काढलीस तर वाटेत गाडी कुणी नेली म्हणजे? सुमेधा म्हणाली की नेऊ दे, आणून देईल. हे वाक्य तिच्या तोंडी अजून बसलं नव्हतं, आणि ते सगळ्यांना कळलं.

"पुढं कोण बसणार?" भाभींनी विचारलं.

"घाट लागेपर्यंत मी," आव्वा म्हणाली.

*

तिसऱ्या दिवशी वरूड मागे टाकून त्या मुलताईला पोचल्या. तापी गावाच्या मधोमध, एका तळ्यातून उगम पावते. भोवती घाट, घाटाभोवती दुकानं, आणि दुकानांपुढे एवढी गर्दी की चाकाला जागा नाही. सुमेधाची नजर सवयीनं खांब शोधत होती, कॅमेरा शोधत होती, पोलीस शोधत होती.

आव्वा मात्र एका फुलवालीपुढे थांबली. पन्नाशीची बाई, टोपलीत चार माळा उरलेल्या.

"बाई, आम्ही खाली पाण्याशी जाऊन येतो," आव्वा म्हणाली. "गाडी इथं राहू दे. लागली तर न्या."

फुलवालीनं आधी गाडीकडे, मग दोघींकडे पाहिलं. "खरंच नेऊ का?" तिनं विचारलं. "स्टँडवर फुलाची पेटी येऊन पडली हाय सकाळपासून. मले येते चालवता."

आव्वानं मान हलवली. सुमेधानं बटण कुठं आहे ते दाखवलं.

त्या पायऱ्या उतरल्या. पाणी हिरवट होतं, स्थिर. सुमेधानं डबा उघडला, तापमापी काढली आणि अप्पा धरायचे तशी, वरचं टोक दोन बोटांत, पाण्यात धरली. पारा उतरायला लागला. तेवढ्यात वरून मडगार्डची खडखड ऐकू आली. ती दूर जात होती. एका वळणाशी क्षणभर थांबली, मग बाजाराच्या आवाजात मिसळून गेली.

सुमेधाचा गुडघा आपोआप पायरीवरून उचलला गेला.

"पारा थांबू दे आधी," आव्वा म्हणाली.

ती पुन्हा बसली. पाणी गार होतं आणि तिचा हात किंचित कापत होता, सगळ्यांचा कापतो तेवढाच. पारा एका रेघेपाशी आला, जरा पुढे गेला, मागे आला आणि थांबला. आव्वानं वही मांडीवर घेतली, चष्मा लावला आणि अडतिसाव्या ओळीच्या कोऱ्या रकान्यात सुमेधानं सांगितलेला आकडा लिहिला. तेवीस पूर्णांक सहा दशांश.

मग दोघी पायरीवर बसून राहिल्या, वर न बघता. ऊन पाण्यावरून सरकत पलीकडच्या घाटाला लागलं. कुणी तरी दिवा सोडला. बऱ्याच वेळानं बाजाराच्या गलक्यातून एक खडखड वेगळी झाली आणि जवळ येऊ लागली.